डेथ व्हॅलीचे रंगीत डोंगर: फोटोसाठी कोणता उजेड?

उन्हाळवाट

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानाबद्दल इथे बरंच लिहून आलंय, पण ते बहुतेक प्रवासवर्णन आहे. कुठे उतरावं, पाणी किती न्यावं, बॅडवॉटर या सखल भागातल्या मिठावर कसं चालावं, असं. तिथल्या झिजलेल्या, रंगीत डोंगरांचे फोटो कसे काढावेत यावर वेगळी चर्चा व्हावी असं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकते. या डोंगरांचा रंग आणि या डोंगरांचा आकार एकाच उजेडात सापडत नाहीत. उगवतीचं किंवा मावळतीचं तिरपं ऊन पडलं की प्रत्येक घळ, प्रत्येक कंगोरा उठून दिसतो, पण ते ऊन स्वतःच इतकं पिवळं-तांबूस असतं की खडकातला हिरवा आणि जांभळा त्यात बुडून जातो. उलट ऊन गेल्यावर किंवा ढगाळ हवेत सगळे रंग वेगवेगळे उमलतात, पण आकार सपाट होतो. म्हणून ट्रायपॉड उघडण्याआधी ठरवायचं की मला इथून काय न्यायचंय. हे न ठरवता काढलेले फोटो नंतर संगणकावर रंग वाढवून 'सुधारले' जातात, आणि सगळे डोंगर एकाच नारिंगी रंगाचे होतात. मला याचं खरोखर वाईट वाटतं, कारण तिथले खरे रंग फार नाजूक आहेत.

दोन जागा घेऊन सांगते.

झॅब्रिस्की पॉइंट ही आकाराची जागा. वाहनतळापासून थोडा चढ चढून गेलं की समोर पश्चिमेला पिवळ्या-तपकिरी मातीच्या असंख्य घड्या पसरलेल्या दिसतात, त्यांतून मॅनली बीकनचा टोकदार सुळका वर आलेला, मागे रेड कॅथेड्रलचे तांबडे कडे आणि त्याही मागे दरीपलीकडची पॅनामिंट रांग. सूर्य तुमच्या पाठीमागून उगवतो. पण ऊन आधी पॅनामिंटच्या माथ्यावर पडतं, मग सुळक्याच्या टोकाला लागतं आणि तिथून हळूहळू खाली उतरतं. टोक उजळलेलं आणि पायथा अजून सावलीत, ही मधली थोडी मिनिटं सर्वांत मोलाची. सगळीकडे ऊन पोचलं की ते पाठीमागून सरळ पडत असल्यामुळे घड्या चपट्या दिसायला लागतात. बहुतेक लोक नेमके तेव्हा गाडीतून उतरत असतात. सूर्योदयाच्या पाऊण तास आधी पोचा. त्या अंधुक उजेडात, पॅनामिंटवर आकाशात गुलाबी पट्टा असतो तेव्हा, मातीचे फिके रंगही सुंदर येतात. समोर हलणारं काहीच नसतं, त्यामुळे दहा सेकंदांचं एक्स्पोजर द्यायला हरकत नाही, फक्त वाऱ्याने ट्रायपॉड थरथरत नाही ना ते पाहायचं.

आर्टिस्ट्स पॅलेट ही रंगाची जागा. ब्लॅक माउंटन्सच्या पश्चिम उतारावर, आर्टिस्ट्स ड्राइव्ह नावाच्या ९ मैलांच्या एकेरी रस्त्यावर. पश्चिमेकडे तोंड असल्यामुळे सकाळी उतार सावलीत आणि दुपारनंतर उन्हात. सगळीकडे लिहिलेलं असतं की सूर्यास्ताला जा. मी म्हणेन, सूर्यास्ताला जा, पण फोटो ऊन सरल्यावर काढा. समोरची पॅनामिंट रांग उंच आहे (तिचं सर्वांत उंच शिखर टेलिस्कोप पीक, ३,३६८ मीटर), त्यामुळे पंचांगात दिलेल्या वेळेच्या बऱ्याच आधी इथलं ऊन जातं. ऊन गेलं की गर्दीही जाते. आणि मग आकाश अजून उजळ असताना डोंगरावर जो मऊ, सगळीकडून येणारा उजेड पडतो, त्यात पुदिन्यासारखा हिरवा, फिकट जांभळा, गुलाबी, मळकट पांढरा असे सगळे थर वेगळे दिसतात.

लेन्सबद्दल एवढंच, की दोन्ही ठिकाणी मला वाइडपेक्षा (जास्त रुंद दृश्य घेणारी) टेली (लांबचं जवळ आणणारी) जास्त उपयोगी पडते. वाइडमध्ये रंगाचे पट्टे बारीक होतात आणि अर्धी चौकट रिकाम्या आकाशाने भरते.

तुमचे अनुभव आणि मतभेद, दोन्ही लिहा.

भूस्तर

उत्तम विषय, ताई. रंगांमागचं कारण माहीत असेल तर कुठे काय शोधायचं ते कळतं, म्हणून थोडी भर घालतो.

झॅब्रिस्कीचे पिवळे डोंगर म्हणजे एका जुन्या सरोवराचा तळ. आजची दरी तयार होण्याच्या आधी, काही दशलक्ष वर्षांपूर्वी, इथे एक सरोवर होतं. त्यात गाळ, खडी आणि आसपासच्या ज्वालामुखींची राख थरावर थर साचत गेली. नंतर भूकवचाच्या हालचालींनी हे थर तिरके झाले. ही माती मऊ, बारीक कणांची. पाणी तिच्यात मुरत नाही, वरूनच वाहून जातं. वर्षाला जेमतेम ५ सेंटिमीटर पाऊस, पण येतो तेव्हा कधी कधी धो धो येतो, आणि धरून ठेवायला झाडझाडोरा नाही. त्यामुळे उताराउतारावर पन्हळी कोरल्या गेल्या. सुळक्याच्या आसपासच्या काही टेकड्यांच्या माथ्यावर गडद, जवळजवळ काळा थर दिसतो, तो लाव्हाचा. फोटोत तो थर फार कामाचा, कारण पिवळ्या रंगाला काहीतरी काळं टेकू म्हणून मिळतं.

पॅलेटचा मामला वेगळा. तिथे ज्वालामुखीजन्य खडक आणि राख आहे, आणि गरम पाण्याच्या व हवेच्या संपर्काने त्यांतली खनिजं बदलत गेली. तांबडा, गुलाबी, पिवळा हे लोहाच्या संयुगांचे. हिरवा हा अभ्रकासारखी खनिजं बदलून तयार झालेल्या क्लोराइटसारख्या खनिजांचा. जांभळा मँगनीजचा. म्हणजे तांबडा-पिवळा हा संध्याकाळच्या उन्हाच्याच जातीचा रंग, आणि हिरवा-जांभळा त्याच्या विरुद्ध. ताईंचं निरीक्षण बरोबर का आहे, ते यातून कळेल. तांबड्या उजेडात हिरवं खनिज परावर्तित करणार तरी काय?

पहाटवारा

माझं मत वेगळं आहे आणि ते आग्रहाने मांडतो.

रंग 'खरे' कोणत्या उजेडातले, हे ठरवणार कोण? ढगाळ दुपारी दिसणारा हिरवा जितका खरा, तितकाच मावळतीला तांबूस झालेला उतारही खरा. तिथे उभं असताना मन भरून येतं ते उन्हाने पेटलेला डोंगर बघून. फोटोत तेच यायला हवं. मॅनली बीकनच्या टोकाला पहिला किरण लागतो तो क्षण मी रंगांच्या तक्त्यासाठी सोडणार नाही. आणि ऊन सरल्यावरच्या फोटोंत एक निर्जीवपणा येतो, सावलीच नसते, डोंगराला वजन राहत नाही.

शिवाय प्रत्यक्ष उन्हातही हिरवा दिसतो. दुपारी तीनच्या सुमाराला, म्हणजे ऊन अजून पांढरं पण थोडं कललेलं असताना, पॅलेटवर जाऊन बघा. सगळे जण दुपारचं ऊन टाळा म्हणतात, पण या एका जागेपुरतं ते ऊन वाईट नाही.

उन्हाळवाट

पहाटवारा, दुपारच्या कललेल्या उन्हाचा मुद्दा एकदम मान्य. हिवाळ्यात तिथे सूर्य दुपारीही फार वर चढत नाही, त्यामुळे तीनचं ऊन उन्हाळ्यातल्या तीनच्या उन्हासारखं डोक्यावरून येत नाही. रंग टिकतो आणि थोडी सावलीही मिळते.

पण झॅब्रिस्कीचा पहिला किरण सोडा असं मी म्हटलेलंच नाही. तिथे आकारच हवा, म्हणून तिथे तिरपं ऊनच हवं. माझं म्हणणं पॅलेटबद्दल आहे. डोंगर पेटलेला दाखवायचा तर त्यासाठी जगात हजार डोंगर आहेत. हिरवा, जांभळा आणि गुलाबी एका उतारावर शेजारी शेजारी असलेला डोंगर क्वचितच मिळतो. तो नारिंगी करून आणायचा, हे मनाला पटत नाही.

निर्जीवपणाचं म्हणाल तर तो टाळता येतो. ऊन नुकतंच डोंगराआड गेलेलं असताना पश्चिमेकडचं आकाश बाकीच्या आकाशापेक्षा पुष्कळ उजळ असतं. म्हणजे उजेड मऊ असला तरी त्याला दिशा असते. ती पहिली दहा-पंधरा मिनिटं पकडली तर घळींमध्ये हलकी सावली राहते. त्यानंतर मात्र सपाट.

नवीवाट

वाचनखूण साठवली. माझी सोपी शंका आहे. आम्ही डिसेंबरात जातोय, लास व्हेगासहून भाड्याच्या गाडीने. उद्यानातल्या फर्नेस क्रीकला दोन रात्री मुक्काम आहे. माझ्याकडे साधा कॅमेरा, १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्सा, हलका ट्रायपॉड. घरचे सोबत आहेत, त्यामुळे एका जागी तासन्‌तास थांबता येणार नाही. कुठे कधी जावं?

तिपाई

नवीवाट, तुमच्याकडे आहे ते सामान पुरेसं आहे. ५५-२५० हीच तुमची मुख्य लेन्स समजा.

डिसेंबरात सूर्योदय पावणेसातच्या आसपास, सूर्यास्त साडेचारच्या. पहिल्या सकाळी झॅब्रिस्की. फर्नेस क्रीकहून गाडीने दहाएक मिनिटं. घरच्यांना उठवायची गरज नाही, तुम्ही जाऊन न्याहारीपर्यंत परत येता. थंडी असते, हातमोजे न्या. पोचल्यावर सगळे जिथे कठड्याला टेकून उभे असतात तिथेच थांबू नका, थोडं इकडेतिकडे सरकून सुळका मागच्या पॅनामिंटसमोर नीट वेगळा दिसतो का ते बघा. १००-१५० मिमीच्या आसपास सुळका आणि पायथ्याच्या घड्या चौकटीत छान बसतात. मग २५० ला जाऊन नुसत्या घड्याच घ्या, आकाश अजिबात नको.

तारखा पौर्णिमेच्या आसपासच्या असतील तर सोन्याहून पिवळं. पुनवेचा चंद्र सूर्योदयाच्या सुमाराला पश्चिमेला, म्हणजे बरोबर समोर पॅनामिंटवर मावळत असतो. पौर्णिमेच्या सकाळी आणि तिच्या दुसऱ्या दिवशी चंद्र किती वर असेल ते एखाद्या ॲपवर आधी पाहून ठेवा.

दुपारी घरच्यांना घेऊन बॅडवॉटर करा आणि येताना आर्टिस्ट्स ड्राइव्ह. रस्ता एकेरी आहे, दक्षिणेकडून शिरून उत्तरेला बाहेर पडायचं. पॅलेटचा फाटा चुकला तर मागे फिरता येत नाही, पुन्हा वळसा घालून सगळा रस्ता परत करावा लागतो. २५ फुटांपेक्षा लांब गाडीला तिथे मनाई आहे, तुमच्या गाडीला काही अडचण नाही. साडेतीनपर्यंत पॅलेटला पोचा, उन्हातले काढा, मग ऊन जाईपर्यंत थांबा. मुलं खाली वाहनतळाजवळ हिंडतात, कंटाळत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर गोल्डन कॅनियन. रेड कॅथेड्रलपर्यंत जाऊन-येऊन साधारण ३ मैल. कॅनियनचं तोंड पश्चिमेला आहे, उतरतीचं ऊन तांबड्या कड्यांवर येतं. इथे १८-५५ कामाला येईल, कारण भिंती जवळ आहेत. एका भिंतीवर ऊन आणि समोरची सावलीत असते तेव्हा सावलीतल्या भिंतीवर परावर्तित उजेड पडून ती आतून उजळल्यासारखी दिसते. उन्हातली भिंत चौकटीबाहेर ठेवायची, म्हणजे एक्स्पोजरचा ताण येत नाही.

प्रवेशशुल्क गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतं. रोख घेत नाहीत, कार्ड ठेवा.

नवीवाट

तिपाईदादा, मनापासून आभार. छापून घेतलं.

भूस्तर

गोल्डन कॅनियनला जाणार असाल तर एक शोधाच. तिरक्या उभ्या थरांच्या पृष्ठभागावर जुन्या सरोवराच्या पाण्याच्या लाटांचे ठसे आहेत, दगड झालेले. ऊन भिंतीला चाटून जात असेल तेव्हाच ते दिसतात. कॅनियनमध्ये पूर्वी डांबरी रस्ता होता. फेब्रुवारी १९७६ मधल्या पुराने तो वाहून गेला, त्याचे तुकडे अजून दिसतात.

शेजारची गोवर गल्च मला त्याहून जास्त बोलकी वाटते. फर्नेस क्रीकच्या वस्तीला पुरापासून वाचवायला १९४१ मध्ये वरचा ओढा वळवून या घळीत सोडला. तेव्हापासून तिची झीज फार वेगाने होतेय. तळाशी राखाडी गोटे पडलेले दिसतील, ते इथले नव्हेतच, वळवलेल्या पाण्याबरोबर वरून आलेले आहेत. दोन्ही बाजूंना पिवळी माती आणि मधून राखाडी पट्टा. फोटो म्हणूनही सुरेख, आणि माणसाने पाणी वळवलं की काय होतं त्याचा पुरावा म्हणूनही. याचे फोटो कोणी फारसे काढत नाही, त्यामुळे कोणी काढले तर इथे जरूर डकवा.

शाईपांढरी

सगळे रंगाबद्दल लिहिताहेत म्हणून कृष्णधवलची बाजू मांडते.

एडवर्ड वेस्टनला १९३७ मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली, ती मिळवणारा तो पहिला छायाचित्रकार. त्या भटकंतीत तो डेथ व्हॅलीत आला आणि झॅब्रिस्कीच्या या घड्या त्याने कृष्णधवलमध्ये टिपल्या. रंगांसाठी प्रसिद्ध असलेल्या जागेतून रंग काढून टाकल्यावर काय उरतं, ते तिथे समजतं. उरतो तो पाण्याचा मार्ग. कुठून वाहिलं, कुठे दोन धारा मिळाल्या, कुठे थर कठीण लागला म्हणून वळली.

मी स्वतः झॅब्रिस्कीला कॅमेऱ्याच्या पडद्यावर कृष्णधवल दिसेल असं ठेवते आणि फाइल रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घेते. रंग शाबूत राहतो, पण डोळ्यासमोर फक्त उजेड-सावली असते. रंगाच्या मोहाने भलतीकडे कॅमेरा रोखला जात नाही. चौकट पक्की झाली की मग रंग ठेवायचा की नाही ते घरी ठरवता येतं.

पॅलेटवरही कृष्णधवल होतं, पण तिथे लाल-हिरव्या-निळ्या रंगवाहिन्यांचं गणित जपावं लागतं. हिरवा आणि गुलाबी उजळपणात जवळजवळ सारखे असतात, सरळ रूपांतर केलं की दोन्ही एकच करडे. लाल वाहिनी वाढवून हिरवी कमी केली की गुलाबी उजळतो, हिरवा गडद होतो, आणि थर परत वेगळे दिसतात.

पहाटवारा

शाईपांढरी, पडद्यावर कृष्णधवल ठेवायची युक्ती फार आवडली.

मातीचेपाय

फोटोंच्या नादात एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

झॅब्रिस्कीच्या समोरच्या घड्यांवर लोक उतरतात. चांगला कोन मिळावा म्हणून, किंवा घडीच्या धारेवर उभं राहून स्वतःचा फोटो काढायला. ती माती वरून कोरडी, टणक वाटते, पण पाऊल पडलं की वरचा पापुद्रा फुटतो. इतक्या कमी पावसाच्या जागी तो ठसा लवकर बुजत नाही. एकाच्या मागे दुसरा जातो आणि पायवाट तयार होते. आता काही उतारांवर या वाटा फोटोतही दिसतात. आखलेल्या पायवाटांवरून, ओढ्याच्या खडीतून चाला, कड्यांच्या अंगावर चढू नका. झॅब्रिस्कीपासून बॅडलँड्स लूप नावाची २.७ मैलांची वाट आहे, ती सुळक्याच्या जवळून जाते. कोन हवा असेल तर तिथून मिळेल.

पाऊस पडून गेल्यावर तर अजिबात उतरू नका. ओली माती बुटाला चिकटून निघते आणि खोल खळगे पडतात.

उन्हाळवाट

मातीचेपाय, हे मीच मूळ लेखात लिहायला हवं होतं, तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं झालं. एका ठशामुळे पुढे येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो बदलतो.

पावसाचा विषय निघालाच आहे तर रंगाच्या दृष्टीने सांगते. ओला खडक गडद होतो आणि वरची धूळ धुतली जाते, त्यामुळे रंग दाट दिसतात. पॅलेटचा फोटो पावसानंतरच्या ढगाळ सकाळी मिळाला तर त्याला संगणकावर हात लावावा लागत नाही. पण पावसात घळीत शिरू नये, आणि रस्ते बंद आहेत का ते आधी उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहावं. २० ऑगस्ट २०२३ ला हिलरी चक्रीवादळाच्या उरलेल्या ढगांनी फर्नेस क्रीकला एका दिवसात २.२ इंच पाऊस दिला, म्हणजे साधारण वर्षभराचा. उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद राहिलं. बॅडवॉटरला मिठाच्या जागी तळं साचलं आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा भरलं.

खिशातलाकॅमेरा

माझ्याकडे फक्त फोन आहे. या चर्चेतलं काय मला लागू पडतं?

तिपाई

जवळजवळ सगळं, कारण चर्चा उजेडाची आहे. फोनसाठी थोडं वेगळं सांगतो.

फोन आपणहून सावल्या उजळवतो आणि उन्हातला भाग दाबतो. झॅब्रिस्कीला नेमक्या त्या सावल्याच हव्या असतात. म्हणून पडद्यावर डोंगराच्या उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर थोडं खाली ओढा. फोनमध्ये रॉची सोय असेल तर ती वापरा. दोन-तीन पट जवळ आणणारी वेगळी लेन्स असेल तर तीच वापरा, बोटांनी चिमटीत ओढून मोठं करू नका, त्यात फक्त कातरण होतं. 'व्हिव्हिड' वगैरे फिल्टर बंद.

आणि फोन गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नका. तापला की बंद पडतो, आणि तोच तुमचा कॅमेरा.

आभाळमाया

ड्रोनबद्दल कोणी लिहिलं नाही. वरून या घड्यांचा नकाशासारखा फोटो फार सुंदर येईल. परवानगी कुठे मागायची?

मातीचेपाय

ड्रोन चालत नाही. २०१४ पासून अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये ड्रोन उडवायला आणि उतरवायला बंदी आहे. दंड होतो.

जमिनीवरून काढायच्या फोटोंसाठी मात्र नियम सोपे झालेत. जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या कायद्यानुसार आठ जणांपर्यंतचा गट, हातात वागवता येईल एवढंच सामान आणि इतर पर्यटकांना अडथळा नाही, असं असेल तर परवाना आणि त्याचं शुल्क लागत नाही, फोटो विकायचे असले तरी. नकाशासारखा फोटो हवा असेल तर दांतेज व्ह्यूला जा. समुद्रसपाटीपासून १,६६९ मीटरवर आहे, खाली बॅडवॉटर समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली. टेली लावली की मिठाचे आणि पुराच्या गाळाचे आकार वरून दिसतात.

दूरचीहाक

फर्नेस क्रीकला टिंबिशा शोशोनी लोकांचं गाव आहे, याचा उल्लेख व्हावा. ही दरी त्यांची. १९३३ मध्ये हा भाग राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाला तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक वर्षं त्यांना स्वतःच्या भूमीवर कायदेशीर हक्क नव्हता, तो २००० सालच्या कायद्याने काही प्रमाणात मिळाला. गाव प्रेक्षणीय स्थळ नाही. घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. आणि रंगीत माती, दगड 'नमुना' म्हणून खिशात घालू नयेत. उद्यानाचा नियम तसा आहेच, पण नियम नसता तरी ती माती आपली नाही.

सावलीशोध

कोणी उन्हाळ्यात गेलंय का? मला सुट्टी जुलैतच मिळते.

पहाटवारा

जुलैत रंगीत डोंगरांमध्ये पायी फिरायचा विचार सोडून द्या, हे कळकळीने सांगतो. १० जुलै १९१३ ला फर्नेस क्रीकला ५६.७ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं, जागतिक विक्रम म्हणून आजही तेच मानतात. उन्हाळ्यात सखल भागात सकाळी दहानंतर चालू नका असं उद्यानच सांगतं. माणशी दिवसाला निदान ४ लिटर पाणी, फोनला बहुतेक ठिकाणी रेंज नाही, गाडी बंद पडली तर गाडीजवळच थांबायचं.

जायचंच असेल तर पहाटे झॅब्रिस्की, गाडी शेजारी, आणि ऊन चढायच्या आत परत. रात्रीचं आकाश हे उन्हाळ्यातलं खरं आकर्षण. २०१३ पासून हे आंतरराष्ट्रीय डार्क स्काय पार्क आहे आणि उन्हाळ्यात आकाशगंगेचा दाट भाग रात्री दक्षिणेला असतो. अमावास्येच्या आसपासचा आठवडा घ्या. चार-पाच दिवसांचा चंद्र असेल तर तो मावळेपर्यंत डोंगरांवर त्याचा उजेड मिळतो आणि नंतर अंधारात तारे.

सुट्टी बदलता आली तर नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला.

निळीटेकडी

डेथ व्हॅली लांब पडत असेल तर ॲरिझोनातलं पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यान या धाग्यात बसेल. तिथल्या ब्लू मेसाच्या टेकड्या निळसर, जांभळ्या, करड्या पट्ट्यांच्या. थर २० कोटी वर्षांहून जुने, माती बेंटोनाइटची. ओली झाली की फुगते, वाळली की तडकते, म्हणून जवळून पाहिलं तर पृष्ठभाग भाजलेल्या पापडासारखा. उन्हाळवाटताईंचा नियम तिथे आणखी काटेकोरपणे लागू होतो. ढगाळ दिवशी निळा दिसतो, मावळतीच्या उन्हात टेकड्या नुसत्या मळकट तपकिरी. मात्र ते उद्यान रात्री बंद होतं, दरवाजे लावतात. सूर्योदयाचे बेत आखू नका, उघडण्या-मिटण्याच्या वेळा बघूनच जा. ब्लू मेसाची पायवाट मैलभराची आहे, टेकड्यांच्या मधून जाते.

नवीवाट

परत आलो! सगळं दादांनी सांगितलं तसंच केलं. पॅलेटला ऊन गेल्यावर हिरवा खरोखर वर आला, बायकोने आधी ओळखला. दोन शंका आहेत. एक, ऊन गेल्यानंतरचे फोटो निळसर आलेत, ऑटो व्हाइट बॅलन्सवर होते. किती दुरुस्त करू? दुसरी, झॅब्रिस्कीला दुपारी पुन्हा गेलो होतो, तेव्हा २५० मिमीला काढलेले पलीकडच्या रांगेचे फोटो मऊ आलेत. सकाळचे त्याच लेन्सचे कडक आहेत. लेन्स बिघडली का?

उन्हाळवाट

अभिनंदन! निळसरपणा स्वाभाविक आहे, ऊन गेल्यावर डोंगरावर फक्त आकाशाचा उजेड असतो. रॉ फाइल असेल तर संगणकावर व्हाइट बॅलन्सचं रंगतापमान ७००० ते ८००० केल्विनच्या दरम्यान आणून बघा. पूर्ण तटस्थ करू नका. एखादा राखाडी दगड चौकटीत असेल तर तो किंचित थंड राहील इतपतच. सगळा निळा काढलात तर जांभळा तपकिरी होतो आणि हिरव्यात पिवळा शिरतो. सॅच्युरेशनला शेवटी हात लावा. आधी नुसता कॉन्ट्रास्ट थोडा वाढवून बघा, रंग आपोआप दाट होतात. आणि झॅब्रिस्कीच्या सकाळच्या फोटोंत लाल वाहिनीचा हिस्टोग्राम (उजळपणाचा आलेख) वेगळा तपासा. पिवळी माती उन्हात असली की एकूण आलेख ठीक दिसतो, पण लाल वाहिनी उजवीकडे कापली गेलेली असते, आणि मग तिथे मातीचा पोतच उरत नाही.

तिपाई

लेन्स ठीक आहे. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा वर चढत असते आणि मधल्या कित्येक किलोमीटर हवेतून प्रतिमा थरथरत येते. शटर कितीही वेगवान ठेवलं तरी ते जात नाही, ट्रायपॉडनेही नाही. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पूर्ण मोठं करून पाहिलं तर कडा हलताना दिसतात. लांबचं पहाटे काढायचं आणि दुपारी जवळच्या भिंतींकडे वळायचं, एवढाच इलाज. दुपारी लांबचं काढायलाच लागलं तर एका चौकटीचे दहा-पंधरा फोटो ओळीने घ्या, त्यांतला एखादा बऱ्यापैकी स्थिर निघतो. तुमच्या कार्डावर तसे सलग काढलेले असतील तर शंभर टक्के मोठं करून एक एक बघा, टाकून देऊ नका.